एकतिसावा तुकडा

शाळेत सरांना सगळे 'पुढचंपद' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षं त्यांनी बीजगणित शिकवलं, आणि त्यातला निम्मा वेळ तरी क्रमिका शिकवण्यात घालवला. फळ्यावर चार आकडे लिहायचे, खडू वर्गावर रोखायचा आणि विचारायचं, "पुढचं पद?" ज्याच्यावर खडू रोखला जाई त्याची बोबडी वळे. निवृत्तीनंतर खडू सुटला, प्रश्न काही सुटला नाही. दूधवाला एके दिवशी पाच मिनिटं उशिरा आला, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी पंधरा, तर सरांनी त्याला दारातच गाठलं. "पाच, दहा, पंधरा. पुढचं पद?"

"उद्या सुट्टी आहे, सर," दूधवाला म्हणाला आणि निघून गेला.

बायको त्यावर दोन दिवस हसत होती. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सरांची एक पद्धत होती. आकडे एका ओळीत लिहायचे. त्यांच्यातले फरक खालच्या ओळीत. त्या फरकांचे फरक त्याच्याही खाली. असा जिना उतरत जायचं, आणि एका ओळीत तोच तोच आकडा यायला लागला की समजायचं, नियम हाती लागला. पण काही क्रमिका इतक्या सोप्या असतात की जिना उतरायची गरजच नसते. तिथे सर बघताक्षणी उत्तर द्यायचे आणि वर्ग तोंडाचा आ करून बघत राहायचा.

जिचा नियम त्यांना कधी सापडला नाही अशी एकच गोष्ट घरात होती, ती म्हणजे त्यांची एकुलती लेक. लहानपणी ती दिसेल ते मोजायची. पायऱ्या, बटणं, आजीच्या गालावरच्या सुरकुत्या. घरात तिचं नाव 'मोजणीबाई'च पडलं होतं. मग बारा-तेरा वर्षांची असताना तिने एकाएकी मोजणं सोडून दिलं. एकोणिसाव्या वर्षी लांबच्या गावी शिकायला गेली, तिथेच नकाशे काढायची नोकरी धरली, आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांत वडिलांशी एक शब्द बोलली नाही. आईला मात्र दर रविवारी सकाळी फोन. सर बाजूला पेपर उघडून बसत आणि एक ओळही न वाचता सगळं ऐकत. एकदा त्यांनी बायकोला विचारायला लावलं होतं, की माझं नेमकं काय चुकलं ते तरी सांग म्हणावं. त्यावर लेक म्हणाली, "त्यांचं त्यांना शोधू दे. दुसऱ्याच्या वहीत बघून उत्तर लिहायचं नाही, असं त्यांनीच शिकवलंय ना?"

सरांनी पुष्कळ शोधलं. तिला मामेबहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं, ते असेल. एकदा मैत्रिणींसमोर तिच्या अक्षरावरून बोलले होते, ते असेल. यादी लांबत गेली आणि उत्तर मिळालं नाही.

मग एका रविवारी लेकीने फोनवर सांगितलं की तिचं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. मैत्रीण सोबत आहे, काळजी करू नका, आणि इतक्यात कोणी यायचं नाही. "आणि बाबांना यायचंच असेल तर उत्तर घेऊन येऊ दे. नुसते नकोत." बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. सर उठून वरच्या मजल्यावर गेले, लेकीच्या खोलीत. तिथे तिचं अभ्यासाचं टेबल होतं आणि टेबलावर भिंतीत एक गोल खिडकी. परातीएवढी, पक्की बसवलेली, न उघडणारी. तिथे ते बसले असताना काचेतून आवाज आला. टक्.

काचेच्या कडेला तिळाएवढा टवका उडाला होता. बाहेर कोणी नव्हतं, खाली कुठे दगड नव्हता. सरांनी बोट फिरवून पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मैत्रिणीचा निरोप आला, ऑपरेशन झालं, बरी आहे. दुपारी वर पुन्हा तोच आवाज. आता काचेच्या कडेला दुसरा टवका होता आणि दोन टवक्यांना जोडणारी सरळ रेघ. काचेचे दोन भाग. तिसऱ्या रविवारी तिसरा टवका, त्यातून आधीच्या दोघांकडे दोन रेघा. भाग चार. निरोप आला, थोडा ताप आहे. चौथ्या रविवारी चौथा टवका आणि तीन रेघा. सरांनी मोजले, आठ. एव्हाना त्यांच्या अंगावर काटा यायला हवा होता. पण सर शेवटी सर होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या कागदावर लिहिलं: १, २, ४, ८. जिना उतरायची गरजच नव्हती.

"अहो, तुम्हाला काच सुचतेय?" बायको दारात उभी होती. तिच्या हातात बॅग होती. "पोरीचा ताप उतरत नाही. ती नको म्हणाली तरी मी चालले. तुम्ही?"

"तिने मला काय सांगितलंय ते तू ऐकलंस ना," सर म्हणाले. "उत्तर नाही माझ्याकडे."

"मग बसा आकडे लिहीत," बायको म्हणाली आणि जिना उतरून गेली. घर एवढं गप्प असू शकतं हे सरांना पहिल्यांदाच कळलं.

सोमवारी त्यांनी काचवाल्याला बोलावलं. काचवाला म्हातारा, बोलका, बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. वर येईपर्यंत तो स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता. काचेसमोर आला आणि त्याची टकळी बंद पडली. त्याने नख रेघांवरून हळूच ओढून पाहिलं, मग हात मागे घेतला.

"सर, तुम्ही शिकलेले. मी आपला काच कापणारा. पण पन्नास वर्षं कापतोय. काच तडकते ना, तेव्हा एक तडा दुसऱ्या तड्याला जाऊन लागला की तिथेच थांबतो. पलीकडे जात नाही. जाऊच शकत नाही, मध्ये फट असते. आणि हे बघा. हा त्याच्यावरून गेलाय. तोही ह्याच्यावरून गेलाय. पट्टी ठेवल्यासारखे सरळ." तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे तडे नाहीत. ह्या कोणीतरी मारलेल्या रेघा आहेत."

"कोणी?"

"ते मला कशाला विचारता? घर तुमचं." त्याने आपली पिशवी उचलली. "मी ही काढणार नाही. दुसरा कोणी बघा, आणि त्यानेही काढू नये असं माझं म्हणणं आहे." पायऱ्या उतरताना त्याला गुडघे आठवले नाहीत.

पाचव्या रविवारी सर सकाळपासून खुर्ची टाकून बसले. दुपारी टक् झालं, चार रेघा काचेतून धावल्या, आणि सरांनी एकेका भागावर बोट ठेवत मोजलं. सोळा. बरोब्बर दुप्पट. आता खरं सांगायला हवं, ह्या माणसाला त्या क्षणी आनंद झाला. ज्याची लेक तापाने फणफणलेली आहे अशा माणसाला होऊ नये तेवढा आनंद झाला. त्यांनी कागदावर सोळाच्या पुढे स्वल्पविराम दिला आणि ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं, ३२.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "दर रविवारी दुपारी वाढतो म्हणे ताप," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी जरा कमी असतो. डॉक्टरांनाही उलगडा होत नाही. आणि तेवढ्या वेळात ती चादरीवर बोटाने काहीतरी काढत असते. एक मोठा गोल काढते. मग त्याच्या कडेला ठिपके देते. मग रेघा मारते."

"किती ठिपके?"

"मी काय मोजत बसू? आज पाच होते वाटतं. अहो, हे काय आहे?"

सरांनी फोन ठेवला. त्या रात्री ते खालीच झोपले, दिवा तसाच ठेवून.

सहावा रविवार उजाडला. सरांना वर जायचं नव्हतं, आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं. दुपारी ते टेबलाशी बसले. ऊन काचेतून आत येत होतं आणि रेघांच्या सावल्या त्यांच्या शर्टावर पडल्या होत्या. टक्. सहावा टवका. त्यातून पाच रेघा निघाल्या, सावकाश, कोणीतरी पट्टी धरून ओढल्यासारख्या, आणि जिथे पूर्वीच्या रेघा होत्या तिथे क्षणभर थांबून पुढे गेल्या.

सरांनी मोजलं. एकतीस.

चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. एकतीस. स्वयंपाकघरातून कोळसा आणला, प्रत्येक भागावर आकडा घालत मोजलं. तीस झाले, आणि अगदी मधोमध, तीन रेघा एकमेकींना जवळजवळ एका जागी छेदत होत्या तिथे, एक एवढासा त्रिकोण राहिला होता. एकतीस. बत्तिसावा तुकडा कुठे गेला? त्यांनी टेबलाखाली पाहिलं. काच तर जागची हललीही नव्हती, तरी सर हातापायांवर रांगत बत्तिसावा तुकडा शोधत होते. पाचव्यांदा मोजताना त्यांच्या तोंडून मोठ्याने गेलं, "एकतीसच येतात की!"

आणि हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. ह्याच खोलीत, बारीक आवाजात.

टेबलाच्या खालच्या कप्प्यात लेकीच्या जुन्या वह्या बायकोने जपून ठेवल्या होत्या. सर एकेक उलटत गेले. बारा वर्षांच्या पोरीची निळ्या पुठ्ठ्याची वही. एका पानावर वाटी पालथी घालून काढलेला गोल, कडेला सहा ठिपके, प्रत्येक ठिपका प्रत्येकाला जोडलेला. ठिपके कडेला वेडेवाकडे दिलेले होते, आणि काचेवरचे टवके अगदी त्याच जागी होते. प्रत्येक भागात बारीक अक्षरात आकडा. मधल्या त्रिकोणात मावेना म्हणून बाहेर बाण काढून लिहिलेलं, ३१. खाली सरांचं लाल अक्षर. ३१ वर फुली. ३२. आणि त्याखाली: 'मोजायचं नसतं. नियम लावायचा असतो.'

मग सगळं आठवलं. तेव्हा ह्याच खोलीत शिकवणी चालायची. पंधरा मुलं होती. सरांनी फळ्यावर एक, दोन, चार, आठ, सोळा लिहून हिला विचारलं होतं, गोलावर सहा ठिपके दिले तर भाग किती? ती म्हणाली, एकतीस. मुलं हसली. बत्तीस म्हण, सर म्हणाले. पण बाबा, मी मोजलेत, एकतीसच येतात. शिकवणीत मी बाबा नाही, सर आहे. बत्तीस म्हण. शंभर वेळा म्हण, मोठ्याने. आणि तिने म्हटलं होतं, उभी राहून, वही छातीशी धरून. सत्तराच्या पुढे तिचा आवाज फुटला होता. शंभर झाल्यावर सर म्हणाले होते, आता लक्षात राहील.

तिच्या राहिलं. सरांच्या नाही राहिलं. खोलीतल्या खुर्चीत बसून सर लहान मुलासारखे रडले, कारण अठरा वर्षांत त्यांच्या यादीत ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

सोमवारी पहिल्या बसने ते निघाले. निळी वही मांडीवर होती. सवय वाईट असते. तिकिटाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने जिना मांडला. एक, दोन, चार, आठ, सोळा, एकतीस. खाली फरक, त्याखाली फरक, आणि चौथ्या फरकांच्या ओळीत आले दोन आकडे, एक आणि एक. जिना होता, तेव्हाही होता. उतरायचा कंटाळा केला होता एवढंच. त्या हिशेबाने सातवं पद सत्तावन्न येत होतं. सरांनी तिकीट घडी करून खिशात घातलं. सातवा रविवार यायला सहा दिवस होते, आणि तेवढा वेळ पुरेसा आहे असं त्यांना वाटलं.

दवाखान्याच्या खोलीत दुपारचं पांढरं ऊन होतं. एक खाट, एक स्टूल, औषधांचं कपाट, भिंतीवर गोल घड्याळ. बायको वाळून अर्धी झाली होती. ती बाजूला सरकली. खाटेवर लेक होती. अकरा वर्षांनी पाहिली, आणि ओळखायला क्षणभर लागला. केस आखूड कापलेले, ओठ सोलवटलेले. उजव्या हाताचं बोट चादरीवर सावकाश फिरत होतं.

"सकाळपासून थांबत नाहीये," बायको म्हणाली. "आज तर सोमवार आहे."

सर स्टुलावर बसले. येताना बसमध्ये त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर धरली. लाल बत्तीस त्यांनी काट मारून खोडला होता आणि तिच्या एकतिसावर बरोबरची खूण केली होती.

"एकतीस," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि नंतर विसरलो, ते त्याहून चुकलं."

तिचं बोट थांबलं. डोळे उघडले. तिने वहीकडे पाहिलं, मग वडिलांकडे, बराच वेळ.

"मोजलेत?" तिचा आवाज पानासारखा वाळलेला होता. "की नियम लावलात?"

"मोजले. पाच वेळा. कोळशाने आकडे घालून."

ती हसली. सरांना ते हसू ओळखीचं वाटलं, बटणं मोजणाऱ्या पोरीचं. मग ती म्हणाली, "मग बाबा, पुढचं पद?"

सरांचा हात खिशातल्या तिकिटाकडे गेला. आणि वर घड्याळात आवाज झाला. टक्.

तिघांनीही वर पाहिलं. घड्याळाच्या काचेच्या कडेला सात टवके होते. सहा आधीच्या जागी, सातवा नवा, आणि एकाच वेळी सगळ्या रेघा काटे ओलांडून धावत होत्या. दर रविवारी एक, हा नियमही सरांनी सहाच पदांवरून ठरवला होता.

"अहो," बायको म्हणाली. "अहो, हिच्याकडे बघा."

लेकीचे डोळे मिटले होते. छाती हलत नव्हती. बायको दाराकडे धावली आणि सिस्टर, सिस्टर म्हणून ओरडत गेली. सर स्टुलावर चढले, घड्याळ भिंतीवरून उचकटून काढलं आणि खाटेवर तिच्याजवळ ठेवलं. तिकिटावर उत्तर लिहिलेलं होतं. ते सांगून टाकायची चौतीस वर्षांची सवय जिभेवर आली होती. सरांनी ती गिळली. लेकीचं गार पडत चाललेलं बोट त्यांनी हातात घेतलं, तिला पहिल्यांदा आकडे शिकवताना घ्यायचे तसं, आणि काचेच्या पहिल्या भागावर टेकवलं.

"एक," ते म्हणाले.

तिने श्वास घेतला.

सरांनी बोट पुढच्या भागावर नेलं. "दोन." दुसरा श्वास. त्यांनी मुद्दाम थांबून पाहिलं, तर छाती थांबली. "तीन," ते घाईने म्हणाले. सिस्टर आली, डॉक्टर आले, कोणी तिची नाडी धरली, कोणी नळी लावली, कोणीतरी सरांना बाजूला व्हा म्हणालं. बायको त्यांच्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिली आणि कोणालाही त्यांना हात लावू दिला नाही. सर मोजत राहिले. एकही भाग सुटता कामा नये, एकही दोनदा येता कामा नये. एकतीस झाले. चाळीस झाले. मधले त्रिकोण इतके लहान होते की तिच्या बोटाऐवजी तिचं नख टेकवावं लागत होतं. पन्नास. पंचावन्न.

"सत्तावन्न," सर म्हणाले, आणि काच संपली.

पुढे भाग नव्हता. तिचा सत्तावन्नावा श्वास आत गेला होता आणि तिथेच होता. सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. त्यांनी तिचं बोट उचललं, पुन्हा पहिल्या भागावर ठेवलं आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले, "एक."

तिने श्वास घेतला.